शिध्यातली भाजी

संपांच्या इतिहासातून आपण पगाराची मागणी तेवढी ध्यानात ठेवतो. १७९७ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात स्पिटहेड येथे १६ युद्धनौकांवरील खलाशांनी समुद्रावर जाण्याचे नाकारले, तेव्हा शंभराहून अधिक वर्षे न वाढलेला पगार वाढवा, ही मागणी होतीच. शिध्याचा पौंड १६ औंसांचा द्या, ही दुसरी; कारण वाटपाचा अधिकारी नासधुशीच्या नावाखाली २ औंस कापून घेई. तिसरीचे मला विशेष वाटते: बंदरात असताना पीठ नको, ताज्या मांसाबरोबर पुरेशी भाजी द्या.

दोनच वर्षांपूर्वी, १७९५ साली, आरमाराने स्कर्व्हीवर लिंबाचा रस देण्याचे ठरवले होते. हिरड्या सडवून माणूस मारणाऱ्या या रोगावर नारिंगे व लिंबे लागू पडतात, हे जेम्स लिंड या डॉक्टराने १७४७ मध्येच १२ रोग्यांवर प्रयोग करून पाहिले होते. सरकारी कागद हलायला ४८ वर्षे लागली! रसाने स्कर्व्ही हटली, हे निर्विवाद. पण पुढे रस ही नेहमीची बाब झाली आणि तिथेच घात झाला. १८६० नंतर भूमध्य समुद्राकडील मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजच्या मळ्यांतले कागदी लिंबू आले. दोन्ही आंबटच, असा हिशेब. १९१८ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनिपिगांवर तपासले, तेव्हा कागदी लिंबाच्या ताज्या रसाची ताकद जेमतेम चौथाई भरली, आणि साठवणीचा रस जवळजवळ निकामी ठरला. इतकी वर्षे बाटलीवरच्या नावावर भरवसा चालला होता.

१९३२ मध्ये त्यातले सत्त्व ओळखले गेले, ते क जीवनसत्त्व. आता फळावाचून सत्त्व डबीत भरता येऊ लागले. गोळी मुळातच खोटी, असे मी म्हणत नाही. गरोदर बाईला लोहाची गोळी देतात ती योग्यच. पण पुढची हकीकत कामगारांनी विसरू नये.

भाज्याफळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे. श्रेय गाजरातल्या बीटा-कॅरोटीनचे असावे, असा तर्क निघाला. फिनलंडात २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली कळले की ते द्रव्य घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्के अधिक. अमेरिकेतल्या १८,३१४ जणांच्या प्रयोगात ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राबलेले चार हजारांवर पुरुष होते. अ जीवनसत्त्वाच्या जोडीने दिलेल्या तिथल्या गोळ्या जानेवारी १९९६ मध्ये थांबवाव्या लागल्या: कर्करोग २८ टक्के, मृत्यू १७ टक्के अधिक. संशोधकांनी आकडे लपवले नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. ॲस्बेस्टॉसच्या धंद्यातील मालकांनी आपले किती वर्षे दडवले, ते आठवा. गाजर खाताना ते द्रव्य एकटे पोटात जात नाही, आणि धूळ तर कारखान्यातच अडवायची असते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची सक्ती करण्याची तरतूद केली, त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधीही घेतले. अशा समित्यांवर मी बसलो आहे. भज्यांच्या दरावर तास जातो. भाजी कोणती आणि किती, हा विषय चहा येईपर्यंत संपतो.