काळी आई आणि कोयत्यातली बाई : कथा-कादंबऱ्यांतली स्त्री, निसर्ग आणि पर्यावरणाचं संकट

शिरूर कासार हा बीड जिल्ह्यातला एक तालुका. पुणे जिल्ह्यातलं घोडनदीकाठचं शिरूर वेगळं, लातूरचं शिरूर अनंतपाळ वेगळं. हे शिरूर बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीत, सिंदफणा नदीच्या काठी आहे. सिंदफणा शेजारच्या पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, शिरूरवरून पुढे जाते, माजलगावला धरणात अडते आणि मग गोदावरीला मिळते. नदी आहे, पण पावसाळा सरला की पात्र कोरडं पडायला वेळ लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या गावांतून संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो. भांडीकुंडी, पोरंबाळं, शेळ्या आणि कोयता घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ती परत येतात पाडव्याच्या मागेपुढे, म्हणजे गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हा.

भारतीय कथा-कादंबऱ्यांत स्त्री, निसर्ग आणि पर्यावरणाचं संकट कसं आलं, हा विषय आता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत स्थिरावला आहे. त्यात उदाहरणं येतात ती बहुधा जंगलाची, समुद्राची, डोंगराची. कोरडवाहू मुलखातून, शिरूर कासारसारख्या तालुक्यातून हाच विषय पाहिला तर काही वेगळं दिसतं.

विचार आला कुठून?

'पर्यावरणीय स्त्रीवाद' हा शब्द फ्रेंच लेखिका फ्रांस्वाझ द'ओबोन यांनी 1974 मध्ये रूढ केला. निसर्गाला ओरबाडणारी व्यवस्था आणि स्त्रीला दाबणारी व्यवस्था एकच आहे, हे त्यामागचं सूत्र. त्याच वर्षी 26 मार्चला उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना कवटाळून तोड थांबवली. गावातले पुरुष त्या दिवशी बाहेर होते. चिपको आंदोलनातला हा प्रसंग पुढे जगभर गेला. वंदना शिवा यांच्या 'स्टेइंग अलाइव्ह' (1988) या पुस्तकाने त्याला सिद्धांताचं रूप दिलं : बाई निसर्गाच्या जवळची, म्हणून ती त्याची राखणदार.

अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी 1992 मध्ये याला हरकत घेतली. बाई जात्याच निसर्गाजवळ असते असं नाही, असं त्यांचं म्हणणं. सरपण, पाणी, चारा आणायचं काम तिच्या वाट्याला आलेलं असतं आणि जमीन मात्र तिच्या नावावर नसते, म्हणून जंगल तुटलं किंवा पाणी आटलं की पहिला फटका तिला बसतो. बंगल्यात राहणारी बाई आणि पाण्यासाठी दोन कोस चालणारी बाई यांचं निसर्गाशी नातं सारखं नसतं, इतकी ही साधी गोष्ट आहे. कथा-कादंबऱ्या वाचताना शिवांपेक्षा अगरवाल जास्त उपयोगी पडतात.

मराठीत दुष्काळ कधी 'पार्श्वभूमी' नव्हता

अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (2016) मध्ये तक्रार केली की आधुनिक कादंबरीने हवामानाचं संकट दाराबाहेर ठेवलं. घरातल्या, मनातल्या गोष्टी सांगता सांगता पाऊस-वादळ तिच्या नजरेआड झालं. इंग्रजी आणि शहरी कादंबरीपुरतं हे पटतं. मराठी ग्रामीण कादंबरीला मात्र ही चैन परवडलीच नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) सर्वांत मोठी घटना कोणती, तर पाऊस येत नाही. माणदेशातली धनगरांची वाडी उभी राहते, हसते, भांडते, तालीम बांधते आणि शेवटी दुष्काळाने मोकळी होते. इथे निसर्ग देखावा म्हणून येत नाही. कोण राहणार आणि कोण जाणार हे तोच ठरवतो.

याच कादंबरीत बाई आणि जमीन यांच्याबद्दल मराठीत लिहिलेला बहुधा सगळ्यात धारदार प्रसंग आहे. शेकूकडे औताला बैलाची जोडी पुरी होत नाही. पेरणीचे दिवस निघून चाललेले. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुंपून घेते. जमिनीला 'काळी आई' म्हणायची आपली जुनी रीत आहे. या प्रसंगात त्या आईला नांगरायला एका बाईलाच जनावराच्या जागी उभं राहावं लागतं, आणि उपमा तिथेच गळून पडते. माडगूळकर यावर भाष्य करत नाहीत, हेच चांगलं. पण हेही लक्षात येतं की हे सगळं आपल्याला सांगतो तो बाहेरून आलेला तरुण मास्तर. जुंपून घेणाऱ्या बाईला काय वाटलं, हे तिच्या तोंडून कळत नाही.

ही उणीव पुढेही बराच काळ राहिली. सदानंद देशमुखांची 'तहान' पाणीटंचाईवरची कादंबरी, आणि त्यांच्याच 'बारोमास'ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'बारोमास'मधला एकनाथ शिकलेला, नोकरी न मिळालेला, कोरडवाहू शेतीत अडकलेला. त्याची बायको अलका हिला हा संसार नको आहे. वाचकाची सहानुभूती एकनाथकडे जाते, कारण कादंबरीच त्याच्या बाजूने उभी आहे. पण आज वाचताना अलकाचा नकार नुसता नखरा वाटत नाही. ज्या शेतीने पुरुष मोडून पडतो, त्या शेतीत बाईने का राहावं, हा तिचा प्रश्न रास्त आहे आणि कादंबरी त्याला पुरतं उत्तर देत नाही.

विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने (1991) धरणग्रस्तांचा प्रश्न घराघरात नेला. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; विस्थापनानंतर रानटी झालेल्या मुलखात म्हशीच्या शोधात गेलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. त्यांच्याच 'झड-झिंबड'मध्ये संकट उलट्या बाजूने येतं, न थांबणाऱ्या पावसाचं. बीडच्या वाचकाला हे एकेकाळी परकं वाटलं असतं. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणेला पूर आला आणि ज्या तालुक्यांत टँकरची वाट पाहायची सवय आहे तिथे उभी पिकं पाण्याखाली गेली. दुष्काळ आणि पूर ही आता एकाच प्रदेशाची गोष्ट आहे.

बाईच्या तोंडून सांगितलेल्या गोष्टी

मराठवाड्यात बाईचा आवाज कादंबरीत आणायचं मोठं काम रा. रं. बोराडे यांनी 'पाचोळा'त (1971) केलं. शिंप्याच्या घरातली पारबती आपल्या बोलीत, आपल्या गतीने सगळं सांगते. ही कादंबरी पर्यावरणाची नाही. पण मराठवाडी बाईच्या बोलीत अख्खी कादंबरी पेलते हे तिने दाखवून दिलं. दुष्काळाच्या मराठी कादंबऱ्यांनी हा धडा पुरेसा घेतला नाही.

इतर भाषांत काही उदाहरणं ठळक आहेत. कमला मार्कंडेय यांची 'नेक्टर इन अ सीव्ह' (1954) दक्षिणेतल्या रुक्मणी या कुळाच्या बायकोने सांगितली आहे. गावात कातडी कमावण्याचा कारखाना येतो, कधी पाऊस बुडवतो तर कधी दडी मारतो, आणि शेवटी जमीनच हातची जाते. या तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या चुलीपर्यंत कशा पोचतात, हे तिथे दिसतं. मल्याळममध्ये सारा जोसेफ यांच्या 'आति'त पाण्यावर जगणारं गाव विकासाच्या नावाखाली भरावाने बुजवलं जातं. अंबिकासुतन मांगाड यांची 'एन्मकजे' कासरगोडच्या काजूबागांवर फवारलेल्या एंडोसल्फानची आणि त्याने आजारी पडलेल्या मुलांची गोष्ट आहे.

या सगळ्यांत महाश्वेतादेवींची 'शिकार' ही कथा वेगळी उठून दिसते. मेरी ओरांव ही आदिवासी तरुणी. सालाची झाडं स्वस्तात तोडून नेणारा कंत्राटदार तिच्यावरही डोळा ठेवून आहे. झाडं आणि बाई, दोन्ही त्याला फुकटात मिळण्यासारखी वाटतात. बायकांच्या शिकारीच्या सणाला मेरी त्यालाच शिकार ठरवते. इथे बाई निसर्गाची हळवी राखणदार नाही. तिला बाजारभाव कळतो, लाकडाच्या सौद्यात मालकांना कसं लुबाडलं हेही कळतं. तिचा राग भावनेइतकाच हिशेबातून आलेला आहे, म्हणून ही कथा जुनी होत नाही.

ऊस, पाणी आणि पिशवी

आता पुन्हा शिरूर कासार. इथली टंचाई नुसती आभाळाची नाही. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालात आलेला हिशेब प्रसिद्ध आहे : महाराष्ट्रात पिकांखालच्या क्षेत्रापैकी 4 टक्क्यांच्या आसपास जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी 70 टक्क्यांच्या आसपास पाणी तो पितो. ज्या गावाला पाणी नाही, तिथली माणसं पाणी पिणारं पीक तोडायला दुसरीकडे जातात.

तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. फेडायची दोघांनी मिळून. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. बाई पहाटे उठून कोपीवर स्वयंपाक करते, दिवसभर ऊस तोडते, साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत टाकते. फडात ना न्हाणीघर, ना संडास, ना स्वच्छ पाणी. पाळीचे दिवस म्हणजे खाड्याची भीती. अंगावरून जाणं, पोटदुखी या तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना तरुण वयातच पिशवी काढायचा सल्ला मिळत गेला. 2019 मध्ये हे प्रकरण गाजलं, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

बातमीत हे आरोग्याचं प्रकरण म्हणून आलं, सहकाराच्या चर्चेत मजुरीच्या दराचं आणि पाण्याच्या परिषदेत पीकपद्धतीचं. कादंबरी या तिन्ही गोष्टी एका बाईच्या एका हंगामात एकत्र दाखवू शकते, आणि नेमकं तेच मराठीत फार थोडं झालं आहे. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ग्रामीण साहित्याचा नायक बहुधा जमीनधारक शेतकरी राहिला. त्याची शोकांतिका पाऊस, कर्ज आणि बाजारभाव यांची. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल'मधला, भाव मिळत नाही म्हणून बाजारात आपलेच टोमॅटो तुडवणारा बाप हे त्याचं अविस्मरणीय रूप. सहा महिने गावात आणि सहा महिने फडात राहणाऱ्या, शाळा अर्ध्यात सुटलेल्या बाईला लिहायला ना बैठक मिळाली, ना वेळ.

तिने गायलं मात्र पुष्कळ. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी 1980 च्या दशकापासून खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आता 'परी' या संकेतस्थळावर, बऱ्याच ठिकाणी गाणाऱ्या बाईच्या आवाजासह, वाचता-ऐकता येतात. पाऊस, बैल, माहेरची वाट, शेतातलं काम, सगळं त्यांत येतं. शिरूरच्याच सिंदफणेवर पुढे वसलेल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्याही त्यांत आहेत. कादंबरीपेक्षा हा ऐवज जुना आहे आणि त्याच्या लेखिकांपैकी बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती.

या विषयाचं वाचन सुरू करायचं तर 'बनगरवाडी' सर्वांत सोपी आणि सर्वांत लहान. तिच्या पाठोपाठ 'शिकार' वाचावी. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 'इमॅजिनरी मॅप्स' या पुस्तकात आहे. या दोन्हींमध्ये बाई, झाड, जमीन आणि पैसा यांचा हिशेब उघडा मांडलेला आहे, फक्त एकीत बाई स्वतःला जुंपून घेते आणि दुसरीत कोयता उलटा फिरवते.