मामांचा डावा कान

परवा नातू टीव्हीवर कुठलासा इंग्रजी सिनेमा बघत बसला होता. त्यातल्या खलनायकाने खिशातून पिस्तूल काढले, त्याच्या तोंडाला एक नळकांडे पिळून बसवले आणि... फुस्स! शेजारच्या खोलीतल्या माणसालाही पत्ता नाही. "आजोबा, खरंच एवढाच आवाज येतो?" नातवाने विचारले. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण आमच्या पुस्तकातल्या बंदुकांना कधी आवाज नव्हता. मला एकदम थोरले मामा आठवले.

मामा मराठा लाईट इन्फंट्रीत होते. १९७१ नंतर काही वर्षांनी निवृत्त होऊन शिरोळकडच्या आपल्या गावी शेती बघू लागले. जेवायला बसले की आम्ही भाचे मंडळी त्यांच्या उजवीकडे जागा धरायचो. डावीकडून कुणी काही बोलले की ते म्हणायचे, "जरा ह्या अंगाला येऊन बोल की रं!" बोलायचेही मोठ्याने. गल्लीच्या टोकाला त्यांचे साधे 'चहा ठेव' ऐकू जाई. आम्ही त्यांच्या मागे त्यांची नक्कल करून हसायचो. मीसुद्धा हसलो आहे.

डावाच कान का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. उत्तर अगदी सोपे आहे. उजव्या खांद्याला रायफल लावून, मान तिरकी करून नेम धरला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबल. १४० च्या पुढचा एकच धमाका कानाला इजा करू शकतो. मामांनी असे किती धमाके ऐकले असतील?

आता सायलेन्सरची गोष्ट. तीही एका बहिऱ्या माणसाच्याच घरातून सुरू होते, बरं का! मॅक्झिम मशीनगन बनवणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे आपल्याच तोफा-बंदुकांच्या चाचण्या करता करता बहिरे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याला १९०९ साली अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. आधी त्याने झडपांचे प्रयोग केले, ते जमले नाहीत. मग म्हणे एकदा स्नानानंतर टबातले पाणी मोरीत उतरताना त्याने पाहिले. पाणी गरगर फिरत होते आणि मधोमध पोकळी राहत होती. गोळी त्या पोकळीतून सरळ जाऊ द्यावी आणि मागचा वायू असा फिरवत ठेवावा, ही कल्पना त्याला तिथे सुचली.

शाळेत मी फुग्याचे उदाहरण दिले असते. टाचणी लावली की फट्! तोंड सैल करून हवा सोडली की नुसता फुसफुस. हवा तेवढीच, फक्त सावकाश. बंदुकीच्या नळीतून गोळीमागे येणारा तप्त वायू कप्प्याकप्प्यांतून अडवत, थंड करत सोडायचा, एवढेच सायलेन्सरचे काम. आपल्या उद्यमनगरात इंजिनांचे कारखाने उभे राहिले, त्या इंजिनांच्या धुराड्यालाही हेच तत्त्व लागते. मॅक्झिमच्या कंपनीनेही पुढे बंदुकांचे काम सोडून इंजिनांचेच सायलेन्सर केले.

पहिल्या नमुन्यात एक अडचण होती. गोल नळकांडे नळीच्या तोंडावर बसवले की नेम धरायची माशीच झाकायची. १९१० च्या नमुन्यात त्याने भोक मधोमध न ठेवता वरच्या अंगाला घेतले. नळकांड्याचा बोजा खाली गेला, नजर मोकळी झाली. दुरुस्त्या अशाच होत गेल्या, वापरणाऱ्याच्या तक्रारीतून.

दुसऱ्या महायुद्धात मात्र हेतू बदलला. आता आवाज शत्रूच्या कानी पडू नये, एवढेच बघायचे होते. ब्रिटिशांनी स्टेनगनला सायलेन्सर बसवला, पण तो लवकर खराब होई आणि नळकांडे इतके तापे की वरून कापडी वेष्टण लागे. विल्यम डी लाइल यांनी ली-एनफील्ड रायफलच्या सांगाड्यावर पिस्तुलाची .४५ ची गोळी उडवणारी कार्बाइन केली. ही गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा हळू जाते, म्हणून तिचा हवेतला कडाकाही होत नाही. अशा जेमतेम सव्वाशे-दीडशे कार्बाइन झाल्या असतील. पुढे स्टर्लिंग कार्बाइनच्या नळीला ७२ भोके पाडून वायू आधीच बाहेर काढायची युक्ती आली. आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीतही या जातीची, २ए१ नावाची कार्बाइन झाली. पण ही हत्यारे निवडक जवानांसाठी. मामांसारख्या साध्या शिपायाच्या हाती साधी रायफल, आणि कानात घातला तर कापूस.

शिपायाच्या स्वतःच्या कानाची आठवण व्हायला शंभर वर्षे लागली! २०२२ मध्ये अमेरिकन लष्कराने नवी रायफल निवडली, तीच सायलेन्सरसकट. तोवर त्यात आणखी एक दोष सापडला होता. अडवलेला वायू मागे फिरून शिपायाच्याच तोंडावर येई, डोळे चुरचुरत, विषारी धूर छातीत जाई. म्हणून आता वायूला पुढे वाट काढून देणारी आतली रचना करतात. अशी वाकडीतिकडी वाट लेथवर कातून निघत नाही. धातूची पूड लेसरने थरावर थर वितळवून तो भागच छापून काढतात. हे तंत्र आपल्याकडेही आले आहे. पुण्याच्या एआरडीई संस्थेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून केलेले 'अस्मी' हे मशीन पिस्तूल २०२१ मध्ये समोर आले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या या हत्याराचे ट्रिगरचे काही भाग असेच छापलेले आहेत.

असो. नातवाला मी सांगितले, "बाळा, तो फुस्स सिनेमातला. सायलेन्सर लावूनही रायफलचा आवाज १३० च्या आसपास राहतोच. वेगवान गोळी हवा फाडत जाते, तो कडाका कुठलेच नळकांडे थांबवू शकत नाही." त्याचा जरा हिरमोड झाला. पण ते जे पंचवीस-तीस डेसिबल कमी होतात, त्यात एखाद्याचा कान वाचतो, हे त्याला मामांची गोष्ट सांगितल्यावर पटले.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. कानाबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो, तेव्हा चुकून डाव्या बाजूला बसलो आणि बराच वेळ बोलत राहिलो. ते नुसते हसत मान डोलावत होते. काही ऐकू आले नव्हते, हे मला एसटीत बसल्यावर लक्षात आले.

तुमच्याही घरात कुणी निवृत्त फौजी असेल. एकदा त्यांच्या उजवीकडे बसून बोलून बघा.