मुल्हेरची महमुदी आणि खेळातला ऐवज

आपल्या नामपुराहून मोसमच्या काठाने वर गेले की मुल्हेरचा किल्ला लागतो. बागुल राजांच्या काळी तेथे महमुदी नावाचे चांदीचे नाणे पाडीत आणि सुरतेच्या बाजारात ते चाले. १६३८ साली औरंगजेबाने बागलाण जिंकले, बागुलांचे राज्य गेले. तरी ज्याच्या कनवटीला महमुदी होती तो एका रात्रीत कंगाल झाला नाही. राजा गेला, पण चांदी चांदीच राहिली.

आता अलीकडची गोष्ट घेऊ. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पब्जी मोबाइल या खेळावर बंदी घातली. पदरचे पैसे मोजून पुष्कळ मुलांनी त्यातले पोशाख आणि बंदुकांची सजावट विकत घेतली होती. ३० ऑक्टोबरला खेळ बंद झाला आणि सारा ऐवज अडकला. २०२१ मध्ये तोच खेळ निराळ्या नावाने आला व जुना ऐवज तिकडे नेण्याची सोय मिळाली. परंतु ती मर्जी होती, हक्क नव्हे. कारण मालकीची वही एकट्या कंपनीच्या हाती होती.

आपल्या पूर्वजांस ही अडचण ठाऊक होती. वतनाचा तंटा तुटला की गोतसभा महजर करी. पाटील त्यावर नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्यारांची करीत. साक्षी अनेक असल्यामुळे एकट्याची खाडाखोड निभावत नसे.

ब्लॉकचेन ही त्याच जातीची वही होय. तिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात आणि प्रत्येक पानात मागील पानाची खूण गुंफलेली असते. २०१७ च्या अखेरीस क्रिप्टोकिटीज या खेळातील मांजरांची मालकी अशा वहीत नोंदली गेली. मांजर विकण्यास कंपनीची परवानगी नको, अस्सल कोणते ते कोणासही तपासता येते, कंपनी बुडाली तरी नोंद उरते. हे लाभ खरे आहेत, असे आम्ही मानतो.

मात्र साक्षी थोडे असले की महजर कच्चा. ॲक्सी इन्फिनिटी या खेळाच्या रोनिन जाळ्यात व्यवहारास मान्यता देणारे नऊच होते. मार्च २०२२ मध्ये त्यांतील पाचांच्या किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरांहून अधिक किमतीचा ऐवज गेला.

दुसरे असे की, मालकीचा पुरावा निराळा आणि वस्तूचा उपयोग निराळा. खेळ बंद पडला तर बंदुकीची नोंद राहील, पण बंदूक चालणार कोठे? महमुदीत चांदी होती. नोंदीत ती नसते. तेव्हा वही सर्वांच्या देखत असावी, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु पैसे मोजण्यापूर्वी आपल्या मुलांनी एवढे अवश्य विचारावे: उद्या दुकान उठले, तर आपल्या हाती काय उरेल?