छेदस्थानी कोण?

साहित्याचे अभ्यासक रुग्णालयाच्या नोंदवहीकडे सहसा वळत नाहीत. नोंद म्हणजे कोरडी माहिती, तिला निवेदक नसतो, अशी आपली समजूत असते. परंतु नोंदवहीत कोणता रकाना असावा आणि कोणता नसावा, हे ठरवणारा कोणीतरी असतोच; आणि ते ठरवताना तो कोणाची कथा सांगायची हेही ठरवत असतो. एकोणिसाव्या शतकातील एका वादाच्या आधारे आम्हांला हा मुद्दा मांडायचा आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची हाती दिवा घेतलेली मूर्ती आपल्या परिचयाची आहे. त्यांच्या हातातील तक्ता मात्र आपण विसरलो. १८५४च्या नोव्हेंबरात क्रिमियन युद्धातील जखमींसाठी त्या तुर्कस्तानातील स्कुटारीला पोहोचल्या, तेव्हा मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदी तेथे ठेवल्या जात होत्या आणि त्यांचा परस्परांशी मेळ नव्हता. किती सैनिक दगावले, या साध्या प्रश्नालाही एक उत्तर नव्हते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने सर्व रुग्णालयांसाठी एकच नमुना तयार केला. वर्षारंभी असलेले रुग्ण, वर्षभरात दाखल झालेले, बरे झालेले वा आराम पडलेले, असाध्य म्हणून किंवा स्वतःच्या इच्छेने बाहेर पडलेले, मृत, वर्षअखेर उरलेले आणि मुक्कामाचे सरासरी दिवस, असे त्याचे रकाने होते. १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने ही योजना उचलून धरली. लंडनच्या काही रुग्णालयांनी ती काही काळ राबवलीही. परंतु नोंदी ठेवण्याचे श्रम फार, रोगांच्या वर्गीकरणावर एकमत नाही. प्रयोग हळूहळू मावळला.

पुढे जे घडले त्यात मोठा विरोधाभास आहे. १८६३ साली नाइटिंगेल यांच्या 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स' या ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली. तीत फार यांच्याकडून घेतलेला एक तक्ता होता. त्यानुसार लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्युप्रमाण शेकडा ९०.८४ भरत होते, तर मार्गेट येथील समुद्रकाठच्या रुग्णालयाचे केवळ १२.९९. शंभरांतले नव्वद रुग्ण मरतात? तसे मुळीच नव्हते. अंशस्थानी वर्षभरातील मृत्यू होते आणि छेदस्थानी एका ठरावीक दिवशी रुग्णालयात असलेली माणसे. एका खाटेवर वर्षभरात दहा रुग्ण आले आणि त्यांतला एक दगावला, तर खाटेच्या हिशेबाने प्रमाण शेकडा शंभर. रुग्णांच्या हिशेबाने मात्र दहाच. मार्गेटला दीर्घकाळ राहणारे जुनाट दुखण्याचे रुग्ण असत, त्यामुळे तेथील आकडा आपोआपच खाली राहिला. डॉक्टरांनी या तक्त्यावर कडाडून टीका केली, आणि ती अनाठायी नव्हती.

परंतु टीकाकारांनी सुचवलेला, दाखल झालेल्या रुग्णांचा छेद तरी निर्दोष होता काय? आमच्या मते नाही. मरणासन्न रुग्णाला घरी धाडले की त्याचे नाव दाखल झालेल्यांत राहते, मृतांत येत नाही. रुग्णालयाची कीर्ती वाढते, माणूस मात्र मरतोच. म्हणूनच नाइटिंगेल यांच्या मूळ नमुन्यातील 'बाहेर पडलेले' हा उपेक्षित रकाना आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मृत्यूच्या रकान्यातून निसटणारी माणसे निदान तेथे दिसतात.

आपल्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर 'डामा' असा शेरा पडतो. कागदावरून पाहता हा रुग्णाचा स्वतःचा निर्णय असतो. त्यामागे बुडणारी मजुरी होती, बाहेरून आणायच्या औषधांचा खर्च होता, की घरच्या अंथरुणावर मरण यावे ही इच्छा, हे त्या एका शब्दात मावत नाही. तो घरी दगावला, तर वॉर्डच्या मृत्युनोंदीत त्याला जागा नसते.

आज वह्यांच्या जागी संगणक येत आहेत. शोध सोपा होईल, बेरीज अचूक होईल. तरीही रकाने माणसेच आखणार. साहित्याच्या वर्गात आपण संहितेतील मौनाचा अर्थ लावायला शिकवतो. ती दृष्टी रुग्णालयाच्या वार्षिक अहवालाकडेही वळवावी, इतकेच आमचे म्हणणे आहे. टक्केवारी समोर आली की ती कशाला भागून काढली आहे, हे आधी विचारावे. आणि त्या भागाकारात ज्यांची गणतीच झाली नाही, ते कोठे गेले, हेही.