पावसात पारधीला जायचं का?

"काका, रात्रीपुरती गाडी मिळेल का?"

गेल्या आठवड्यात रात्री दहाला फोन आला. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली. गावातलाच मुलगा, नाव सांगत नाही. म्हटलं, एवढ्या पावसात कुठे? तर म्हणाला, "भेकर उतरतंय सड्याखाली. या पावसात फॉरेस्टचं कोणी फिरकत नाही, आणि बार झाला तरी कुणाला ऐकू जायचा नाही."

मी नाही म्हटलं. कायद्याचं सांगायला लागलो तर त्याने मध्येच तोडलं, "कायदा आत्ता आला हो. आपल्या आजोबा-पणजोबांनी मारलंच ना?"

त्याला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

मारलंच. खोटं कशाला बोलू? आमच्या पडवीत भिंतीवर सांबराची शिंगं होती आणि लहानपणी आम्ही त्यांना दप्तरं अडकवायचो. पण मारलं कधी, हे कुणी विचारत नाही. जुन्या माणसांच्या तोंडून मी जेवढ्या पारधी ऐकल्या, त्या सगळ्या दसऱ्यानंतरच्या. भात कापून घरात आलं की रान उठवायचं, हाके घालायचे. त्यातली मोठी पारध शिमग्याची. मिरगापासून नवरात्रापर्यंत बंदूक खुंटीला.

यात पुण्य कमी आणि व्यवहार जास्त होता. आषाढात सगळं घर लावणीला चिखलात, मग हाके घालणार कोण? ओढे भरलेले, रानात जळवा, गवत छातीएवढं. श्रावणात अर्ध्या घरांत मांस शिजतच नव्हतं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे दारू. प्यायची नव्हे, बंदुकीची! तोड्याच्या बंदुकीची जामगी पावसात विझायची. पुढे केपाची ठासणीची बंदूक आली, पण नळीतली दारू दमट झाली की नुसतं 'फुस्स' व्हायचं. फौजासुद्धा पावसाळ्यात छावणीला बसायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या, हे आपण शाळेत शिकलोय. जो पाऊस फौजांना थांबवायचा, त्याने पारध्यालाही थांबवलं. समुद्राला नारळी पौर्णिमा, तसा रानाला दसरा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडतुसाची बंदूक आली आणि हे कुंपण मोडायला लागलं. दारू काडतुसात बंद, त्यामुळे पावसाची भीती कमी झाली. सुरुवातीची कागदी काडतुसं ओलाव्याने फुगायची, नळीत अडकायची. पण जपून वापरली तर बार निघायचा. त्यात हातात बॅटरी आली. पाऊसही अडवेना, रात्रही अडवेना.

आमच्या घरात ही काडतुसाची एकनळी आली 1950 नंतर कधीतरी. आजोबांनी हौसेने घेतली. त्याच पावसाळ्यात एका रात्री आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ बाहेर पडले. ओहोळाच्या दोन अंगांना दोघे बसले. ठरलेलं एकच, बसल्या जागेवरून हलायचं नाही. पण पाणी चढलं. धाकट्याच्या पायाखाली आलं, म्हणून तो सरकून वरच्या जाळीत गेला. हाक मारली असेल किंवा नसेल, त्या पावसात ऐकू काय येणार? आजोबांना ऐकू आली ती फक्त जाळीतली खसखस. बॅटरी लावली तर जनावर पळेल, म्हणून त्यांनी अंदाजाने बार टाकला.

छर्रे गुडघ्यात गेले. डोलीत घालून नदीपर्यंत आणलं, पण नदीला पूर, तेव्हा पूल नव्हता. उजाडेपर्यंत सगळे अलीकडच्या काठावर बसून राहिले. माणूस वाचला, पाय मात्र कायमचा गेला. गावात सांगितलं, सड्यावरून घसरला. मीही चाळीस वर्षं तेच खरं मानत होतो. धाकटे आजोबा वारले, त्यांचं तेरावं झालं आणि त्या संध्याकाळी आजोबांनी मला बसवून खरं काय ते सांगितलं. मग म्हणाले, "नेमाने मारलं त्याचं काही वाटत नाही. न बघता मारलं त्याचं वाटतं."

नंतर वाल्मीकी रामायणाचं भाषांतर वाचताना मी अयोध्याकांडात थबकलो. श्रावणबाळाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण ती पावसाळ्यात घडते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. दशरथ तेव्हा तरुण युवराज. पावसाने रान गारेगार झालंय, शरयू भरून वाहतेय. रात्री पाण्यावर रेडा, हत्ती, हरीण असं काहीतरी येईल, म्हणून तो धनुष्य घेऊन निघतो. अंधारात घडा भरल्याचा आवाज होतो, त्याला हत्ती वाटतो, आणि आवाजाच्या रोखाने बाण सुटतो. पुढचं सांगायला नको. हे सगळं तो कौसल्येला सांगतो ते राम वनात गेल्यानंतर सहाव्या रात्री, मरणाच्या दारात. आयुष्यभर पोटात ठेवलेलं. मला वाचताना आमची पडवीच दिसत होती.

म्हणजे पावसातली शिकार हा प्रश्न जुनाच आहे. कायद्याने तो फक्त लिहून काढला. 1912 च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना बंद काळ जाहीर करायचा अधिकार दिला, आणि त्याच्या यादीत हरणंही होती. 1951 मध्ये मुंबई राज्याचा स्वतंत्र कायदा आला, त्यात परवाने आणि बंद हंगाम होते. 1972 च्या केंद्रीय कायद्याने सुरुवातीला परवान्यावर काही शिकार चालू ठेवली, पण मादी, पिल्लू आणि कोवळ्या शिंगांचा नर यांना हात लावायचा नाही, असं बजावलं. 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली.

कोवळी शिंगं म्हणजे काय, हे मुद्दाम सांगतो. सांबराची शिंगं उन्हाळ्यात गळतात आणि पावसाळ्यात नवी फुटतात. तेव्हा त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, आत रक्त वाहत असतं. सांबराची बरीच पिल्लंही पावसाच्या तोंडालाच जन्मतात. म्हणजे ज्या रात्री तुम्हाला 'कुणी फिरकत नाही' म्हणून सोयीची वाटते, त्याच रात्री जाळीत दूधपिती पिल्लं असतात. अंधारात, पावसात, आवाजावर टाकलेल्या बाराला नर कुठला, मादी कुठली, आणि माणूस कुठला?

तेव्हा त्या मुलाला माझं उत्तर असं. बाबा रे, आजोबांचं नाव घेतोस तर पुरतं घे. त्यांच्याकडे शिकार होती, तसा नेमही होता. नेम सोडून ते एकदाच गेले आणि त्याची किंमत भावाच्या पायाने मोजली. तुझ्याकडे हेडलाईट, गाडी, मोबाईल सगळं आहे. नाही तो फक्त नेम. आणि आता कायद्याने कुठलाच हंगाम उघडा ठेवलेला नाही, तुरुंगाची शिक्षा आहे.

जनावरं शेतात येतात, नासधूस करतात, हे मलाही दिसतं. त्यासाठी नुकसानभरपाईचा अर्ज आहे. पैसे उशिरा येतात, मान्य. त्यावर आपण ग्रामसभेत भांडू, मी पहिला उभा राहतो. पण भेकराने तुझं काय खाल्लंय, ते आधी सांग.

दुसऱ्या दिवशी तो भेटला. "गेलो नाही," म्हणाला. विश्वास ठेवायचं ठरवलंय.

तुमच्याही घरात भिंतीवर अशी शिंगं असतील, त्यांच्यामागे न सांगितलेली गोष्ट असेल. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. आणि या पावसात रात्री रानाकडून बार ऐकू आला, तर वनविभागाचा 1926 नंबर फिरवा. जाळीत नेमकं कोण आहे, हे बार टाकणाऱ्याला माहीत नसतं.