ज्या बीजांना थांबता येत नाही

पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांतील ‘धूप’ हा वृक्ष (वटेरिया इंडिका) युरोपीय वनस्पतिशास्त्राच्या जुन्या परिचयाचा. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनी मलबारातील वैद्यांच्या साहाय्याने सिद्ध करविलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये तो आढळतो, १७५३ मध्ये लिनीअसने त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. पुढे त्याच्या राळेचा व्यापार झाला, बियांतील चरबीच्या मेणबत्त्या झाल्या आणि विसाव्या शतकात प्लायवूडसाठी त्याची बेसुमार तोड झाली. आज त्याची गणना संकटग्रस्त वृक्षांत होते.

या वृक्षाची बी ताजी असतानाच पेरावी लागते, हे रोपवाटिकेत अनुभवाने कळत होते. शास्त्राची दृष्टी मात्र धान्याच्या बीवर खिळलेली होती. बीतील ओलावा एका टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले, तर तिचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा. उणे १८ अंशांवर चालणाऱ्या बीजपेढ्यांची भिस्त याच गुणधर्मावर आहे. १९७३ मध्ये इंग्लंडमधील ई. एच. रॉबर्ट्‌स यांनी बियांचे दोन वर्ग केले: वाळवण सोसणाऱ्या ‘ऑर्थोडॉक्स’ आणि न सोसणाऱ्या ‘रिकॅल्सिट्रंट’, म्हणजे हट्टी. हे विशेषण काहीसे अन्यायाचेच. बारमाही ओल्या वनात पडताक्षणी रुजणाऱ्या बीला थांबण्याची विद्या कशासाठी हवी होती?

भौतिकीच्या भाषेत फरक असा. गव्हाची बी वाळताना पेशीतील द्रव काचेसारखा घट्ट होतो, रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते आणि पेशीपटले शाबूत राहतात. धुपाच्या बीत हे संरक्षण नाही. ती ओलसर, श्वसन करणारी, जागी अशीच झाडावरून गळते. उष्णता तिच्यावर दुहेरी घाव घालते. तापमानाबरोबर श्वसन वाढून साठा लवकर संपतो आणि त्याच वेळी पाणी उडून पटले फाटू लागतात. फळे पावसाळ्याच्या सुमारास पिकतात, हा मेळ अचूक आहे. पण पाऊस लांबला, किंवा तोडीमुळे छत्र विरळ होऊन जमीन तापली, तर बीजवळ वाट पाहण्याइतके दिवस नसतात. वाळलेली ज्वारी कणगीत सहज तग धरते. धुपाच्या बीचा हिशेब आठवड्यांचा.

अशा बीला शीतपेटीतही आसरा नाही, कारण आतल्या पाण्याचे बर्फ होऊन पेशी फाटतात. त्यामुळे केवळ भ्रूणाचा अक्ष काढून, झटपट सुकवून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याचे तंत्र पुढे आले. मात्र एकेका जातीसाठी ते नव्याने बसवावे लागते. तोवर धुपाची खरी पेढी म्हणजे उभी झाडेच. दक्षिण कर्नाटकात रस्त्यांच्या कडेला जुने धूप अजूनही दिसतात. त्यांच्या बिया आता तापलेल्या डांबरावर पडतात, आणि त्या रुजवायच्या तर त्याच आठवड्यात गोळा कराव्या लागतात.