मंजूर म्हणजे नेमकं काय?

"तू नक्की काय लिहितोस रे?" असं आमच्या आत्याने विचारलं की मी "सॉफ्टवेअरची माहिती" असं सांगून सुटका करून घेतो. हल्ली तेवढ्यावर भागत नाही, कारण माझा वाचकच बदललाय. बांधकाम प्रकल्प सांभाळायचं जे सॉफ्टवेअर असतं, त्याच्या एपीआयबद्दल मी लिहितो आणि आता ते वाचणारा पुष्कळदा माणूस नसतो, एआय एजंट असतो. ह्या कामाचा इतिहास मात्र वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. म्हटलं, एकदा लिहून काढावा.

सुरुवात केंब्रिजपासून. तिथे १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. वारंवार लागणारी आकडेमोड दरवेळी नव्याने कोण लिहिणार? म्हणून तिचे छोटे छोटे तुकडे करून ते कागदी फितींवर जपून ठेवायची पद्धत पडली. विल्क्स, व्हीलर आणि गिल ह्यांनी १९५१ साली ह्यावर पुस्तक लिहिलं. त्यात प्रत्येक तुकडा काय करतो आणि तो कसा वापरायचा ह्याची नोंद होती. पुढच्याच वर्षी व्हीलरने एका निबंधात म्हटलं की तुकडा लिहून, तपासून झाला तरी एक काम उरतंच : ज्याने आतलं काही पाहिलेलं नाही त्यालाही तो सहज वापरता येईल असं वर्णन लिहिणं. आणि कदाचित तेच सगळ्यात अवघड. सत्तर वर्षं उलटून गेली, पण माझ्या नोकरीचं ह्याहून नेमकं वर्णन मला तरी सापडलेलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. २००० साली रॉय फील्डिंगच्या प्रबंधातून 'रेस्ट' आलं, २०११ मध्ये स्वॅगर, २०१६ मध्ये त्याचंच ओपनएपीआय झालं. हे सगळं प्रोग्रॅमरसाठी होतं. शंका आलीच तर तो शेजारच्याला विचारायचा, फोन करायचा. मग २०२३ च्या जूनमध्ये ओपनएआयने मॉडेलला बाहेरची फंक्शन्स वापरायची सोय दिली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिकने एमसीपी नावाचं प्रमाण आणलं. त्यात प्रत्येक टूलला एक नाव, एक वर्णन आणि लागणाऱ्या माहितीची यादी असते. कुठलं टूल कधी वापरायचं हे एजंट मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवतो. वर्णनात जे नाही ते तो अंदाजाने भरून काढू शकतो.

बांधकामात अंदाज किती महाग पडतो हे सांगायला एकच उदाहरण पुरे.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दर्शनी दालनावर छतापासून टांगलेले पूल होते. चौथ्या मजल्याचा वर, त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ आराखड्यात एकच लांब सळई छतापासून दोन्ही पुलांतून खाली येत होती. तेवढी लांब, आटे पाडलेली सळई बसवणं कटकटीचं. म्हणून पोलाद पुरवणाऱ्यांच्या नकाशात एकीच्या दोन सळया झाल्या. वरची छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, खालची त्या पुलापासून दुसऱ्यापर्यंत.

बदल किरकोळ वाटतो ना? आजीच्या स्वयंपाकघरातलं शिंकं आठवा. एकाच दोराला दोन गाठी मारून दोन मडकी टांगली, तर प्रत्येक गाठ आपापलं मडकं पेलते. पण खालचं मडकं वरच्या मडक्यालाच टांगलं, तर वरच्या गाठीवर दोघांचा भार. इथे नेमकं तेच झालं. चौथ्या मजल्याच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. नंतरच्या चौकशीत तर दिसलं की मूळ जोडसुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्केच होता.

१७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी खाली नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली.

आणि त्या बदललेल्या नकाशावर अभियंत्यांचा शिक्का होता. बदलाबद्दल फोनवर काय बोलणं झालं ह्याबाबत नंतर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं. शिक्क्याचा अर्थ कोणी "हिशोब तपासला" असा घेतला, तर कोणी "नजरेखालून घातला" असा. पुढे दोन अभियंत्यांचे परवाने रद्द झाले.

आज हाच शिक्का सॉफ्टवेअरमध्ये 'सबमिटल' ह्या नावाने वावरतो. ठेकेदार नकाशा पाठवतो, अभियंता शेरा देतो : मंजूर, दुरुस्तीसह मंजूर, सुधारून पुन्हा पाठवा, नामंजूर. तिकडे बरेच जण जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून 'मंजूर' लिहीतच नाहीत, 'आक्षेप नाही' असं लिहितात. माणसाला त्यातली खोच कळते. एजंटाला ती कोण सांगणार?

एका प्रकल्पाच्या कामात असं एक टूल माझ्याकडे आलं. वर्णन एका ओळीचं : "सबमिटलची स्थिती बदलते." खोटं काहीच नाही त्यात! मी त्याची लांबी वाढवली. हे टूल फक्त शेरा नोंदवतं, तपासणी करत नाही. शेरा देण्याचा अधिकार कोणाला आहे. 'आक्षेप नाही' म्हणजे 'मंजूर' धरू नये. नकाशा मूळ आराखड्याहून वेगळा दिसला तर थांबावं आणि माणसाला विचारावं.

सहकारी म्हणाला, लांब वर्णनाने मॉडेलची जागा आणि पैसे दोन्ही खर्च होतात. बरोबर आहे त्याचं. म्हणून माहिती नुसती दाखवणाऱ्या टूलची वर्णनं मी आखूडच ठेवतो. पण जे टूल दुसऱ्याच्या नावाने शिक्का मारतं, तिथे चार ओळी जास्त गेल्या तर जाऊ देत.

अर्थात चांगलं वर्णन म्हणजे तपासणी नव्हे. हिशोब अभियंत्यानेच करायचा. आपण एवढंच बघायचं, की त्याने तो केलेला नसताना केला असं कागदावर दिसू नये.

तुमच्या क्षेत्रात आहे का असा एखादा शब्द, जो सगळे वापरतात आणि ज्याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो? जरूर कळवा.